उभं राहण्याची तयारी

लग्नाची ऑर्डर असो, वर्तमानपत्राचं काम असो की जत्रा, निघायच्या आदल्या संध्याकाळी मी सगळं सामान पलंगावर मांडते. दोन बॉडी, लेन्स, फ्लॅश, चार्ज केलेल्या बॅटऱ्या, कार्डं; आणि त्याच रांगेत कुर्ता, पँट, मोजे, रुमाल, टोपी. कपड्यांचा ढीग वेगळा आणि कॅमेऱ्याचा वेगळा असं मी करत नाही. फोटोग्राफी हा दिवसातला बहुतेक वेळ उभं राहण्याचा धंदा आहे. हवी ती जागा धरायची, कुणाच्या डोळ्यांत न खुपता तिथे टिकायचं, आणि वेळ आली की हात मोकळे असायला हवेत. हे जमणार की नाही ते शटरवर बोट जाण्याच्या बरंच आधी ठरून गेलेलं असतं. पायात काय आहे, खांद्यावर किती वजन आहे, खिसा कुठल्या बाजूला आहे आणि अंगावर कुठला रंग आहे, यावर ते ठरतं. म्हणून माझ्या लेखी कपडे हे कॅमेऱ्याच्या सामानातच मोडतात.

पायांपासून सुरुवात करते. आपल्याकडे फोटोग्राफरला दिवसातून कितीतरी वेळा बूट काढावे लागतात. बोहल्यावर चपला चालत नाहीत, गाभाऱ्याजवळ चालत नाहीत, खेड्यात कुणाच्या ओसरीवर टेकून बोलायचं तरी चालत नाहीत. त्यामुळे लेसवाले उंच बूट कितीही दणकट असले तरी ते आपल्या कामाचे नाहीत. गाठ सुटेपर्यंत नवरी गौरीहराची पूजा आटपून उठलेली असते. टाचेला नीट धरणारे, तळव्याला पकड असलेले आणि एका झटक्यात निघणारे बूट किंवा पट्ट्याचे सँडल हवेत. मोजे धुतलेले आणि न फाटलेले हवेत. चैत्र-वैशाखात देवळाच्या दगडी फरसबंदीवर दुपारी उभं राहायचं तर जाड सुती मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत असला म्हणजे तळपाय भाजत नाहीत. काही देवळांत चामड्याची वस्तू आत नेत नाहीत. कमरेचा पट्टा आणि पाकीट दाराशी काढून ठेवतात, आणि कॅमेऱ्याचा पट्टा चामड्याचा असेल तर तोही त्यातच आला. नायलॉनचा किंवा सुती पट्टा लावला की प्रश्नच मिटतो. पुजारी आपल्या जागी बरोबर असतो, आपल्याला काकडआरतीच्या आधी आत पोचायचं असतं, आणि हुज्जतीत उजाडून जातं.

मार्च 2018 मधला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवून बघा. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर हजारो माणसं चालत आली. लाल टोप्या आणि लाल झेंडे सगळ्यांनी पाहिले, पण मनात घर करून राहिले ते तळपाय, भेगाळलेले, फोड फुटून सोललेले. तसा फोटो उभ्याने मिळत नाही. डांबरी रस्त्यावर गुडघे टेकावे लागतात, कोपर टेकावं लागतं, कधी सरळ आडवं व्हावं लागतं. गुडघ्याशी आवळणारी, बसताना कचकच करणारी पँट घातलेला माणूस तसं बसायला मनातून कचरतो आणि आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून गर्दी टिपून परत जातो. पुढे त्या मोर्चाची शेवटची रात्र आली. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांचे हाल होऊ नयेत म्हणून मोर्चेकरी सोमय्या मैदानावरून मध्यरात्रीनंतर उठले आणि आझाद मैदानाकडे चालू लागले. त्यांच्याबरोबर असलेल्या फोटोग्राफरला त्या रात्री दोन गोष्टी लागणार होत्या: अजून चालू शकणारे पाय, आणि रस्त्यावरच्या दिव्यांत काम देणारी लेन्स. 50 एमएम, एफ 1.8 ही लहानशी लेन्स अशा वेळी पुरून उरते. कॅननची भरते जेमतेम 160 ग्रॅम, आणि खिशात मावते.

खिसा हा तर बायकांच्या कपड्यांतला जुना अन्याय आहे. तयार कुर्त्याला खिसा नसतोच, असला तर त्यात रुमालाच्या वर काही राहत नाही. बायकांच्या पँटचे खिसे नुसते शिवणीपुरते. पुरुष सहकारी शर्टाच्या खिशात कार्ड, पँटच्या खिशात बॅटरी आणि मागे लेन्सचं झाकण टाकून मोकळा होतो. मला त्याच वस्तूंसाठी खांद्यावर पिशवी घ्यावी लागते, आणि ती पिशवी वाकताना पुढे येऊन कॅमेऱ्यावर आदळते. यावर उपाय शिंप्याकडे असतो. आमच्या पेठेतले शिंपीकाका माझे कामाचे कुर्ते शिवतात. पहिल्या वेळी माप घेताना त्यांनी चष्मा वर केला.

“ताई, एवढे खोल खिसे? लोंबतील की दोन्हीकडून.”

“लोंबू देत, काका. आत बॅटऱ्या असतात. उजव्या खिशाला चेन लावा, डावा उघडा ठेवा.”

“मग आतून मांजरपाट लावतो. साधं अस्तर महिन्याभरात भोकं पाडील.”

त्यांनी लावलेलं मांजरपाट अजून टिकून आहे. डाव्या उघड्या खिशात रिकामी कार्डं, उजव्या चेनच्या खिशात भरलेली. भरलेलं कार्ड उजवीकडे गेलं आणि चेन लागली की ते घरी पोचेपर्यंत बाहेर येत नाही. अंधारात, गर्दीत, कुणी हाका मारत असताना हात आपोआप बरोबर खिशात जातो आणि डोळे समोरच्यावरच राहतात. चेनच घ्यायची, चिकटपट्टी नाही. उघडताना चर्रकन आवाज करणारी पट्टी नाट्यगृहात किंवा कुणाच्या घरी दिवसकार्याला चालत नाही. ओढणी मी कामावर घेत नाही; ती समईवर जाते, ट्रायपॉडमध्ये अडकते. बांगड्या काढून ठेवते, कारण शेजारी व्हिडिओवाला असतो आणि त्याच्या माइकमध्ये किणकिण जाते. गळ्यातलं कुर्त्याच्या आत टाकते, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर ओरखडे पडत नाहीत. केस घट्ट बांधते. ही यादी मुलींना कुठल्या कोर्समध्ये सांगितली जाताना मी पाहिलेली नाही, म्हणून इथे सांगते.

आणि तरीही या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी हे सगळं काम साडी नेसून केलं. 1913 साली नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाईबाई 1942 पासून दिल्लीत काम करू लागल्या. सायकलवर मारलेल्या टांगा, साडीचा खोचलेला पदर आणि खांद्यावर ते जड सामान. स्पीड ग्राफिक म्हणजे हातात धरायचं एक पेटाडंच; प्रत्येक होल्डरमध्ये दोनच फिल्म, आणि फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला. रोलीफ्लेक्स त्या मानाने सुटसुटीत, पण तिच्यातही एका रोलवर बाराच फोटो. रोलीफ्लेक्स पोटाशी धरून वरून खाली बघावं लागतं, त्यामुळे फोटोग्राफरचा चेहरा झाकला जात नाही, आणि समोरच्याला आपल्याकडे कोण बघतंय ते दिसत राहतं. त्यांच्या फोटोंतला नेहरूंचा सहजपणा मला त्याशिवाय उलगडत नाही. त्या काळातले दिल्लीचे वृत्तछायाचित्रकार पोशाखाचा आणि वागण्याचा एक दंडक पाळत. 1970 मध्ये होमाईबाईंनी कॅमेरा खाली ठेवला, आणि तो दंडक ढासळला होता हे त्याचं एक कारण असल्याचं त्या पुढे सांगत. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्याकडून मी साडी घेतली नाही, दंडक घेतला. ज्याच्या दारात आपण उभे आहोत त्याला आपल्या येण्याची लाज वाटता कामा नये.

हा दंडक सगळ्यांत जास्त कसाला लागतो तो दुःखाच्या घरी. माणूस गेलंय, पीक गेलंय, पुरात घर गेलंय. तिथे दोन्ही खांद्यांवर कॅमेरे लटकवून, अनेक खिशांचं खाकी जॅकेट घालून शिरलेला माणूस पंचनाम्याला आलेल्या साहेबासारखा दिसतो. लोक अंग चोरतात, नाहीतर तक्रारीचा कागद पुढे करतात. तिथे मी साधा फिकट कुर्ता घालते, एकच बॉडी आणि 35 एमएमची लेन्स नेते, बाकी सगळं गाडीत. आधी बसते. पाणी देतात ते पिते. कॅमेरा मांडीवर दिसेल असा ठेवते, म्हणजे तो आहे हे कुणापासून लपून राहत नाही आणि तो कधी उचलायचा हेही घरातल्या माणसांच्या नजरेवरून कळतं.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या माणसांचे कपडे टिपण्यात आयुष्य घालवलेल्या बिल कनिंगहॅम यांचं निळं जॅकेट प्रसिद्ध आहे. पॅरिसमधले रस्ते झाडणारे कामगार घालत तसलं ते स्वस्त, सुती, खिशांचं जॅकेट. जगातली सगळ्यांत महागडी वस्त्रं समोरून जात असताना हा माणूस तेच निळं जॅकेट घालून सायकलवरून हिंडत असे. पावसाळी पोंचो फाटला तर तो चिकटपट्टीने जोडून पुन्हा वापरत. 2016 मध्ये ते गेले, तोवर ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वाचकांच्या पिढ्या त्यांच्या डोळ्यांनी शहर बघत होत्या. ज्याला दुसऱ्यांचे कपडे बघायचे आहेत त्याने स्वतःचे कपडे कसे ठेवावेत, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरं माहीत नाही.

कपड्यांचा रंग हा नुसता शिष्टाचाराचा भाग नाही, तो थेट फोटोत उतरतो. आपण समोरच्यापासून दोन-तीन फुटांवर असलो की आपले कपडे त्याच्यावर प्रकाश परत टाकतात. खिडकीशी बसलेल्या नवरीचा चेहरा टिपताना आपल्या अंगात लालभडक कुर्ता असेल तर तिच्या गालाच्या सावलीच्या बाजूला लाल झाक येते. पोपटी असेल तर चांगली तुकतुकीत मुलगी आजारी दिसते. पांढरा किंवा फिका करडा असेल तर तोच कुर्ता सावली अलगद उजळतो. उलट देव्हाऱ्यातली तांब्या-पितळेची भांडी, चांदीचं तबक, दागिने टिपायचे असले की काळं घालायचं, नाहीतर प्रत्येक तांब्याच्या पोटात आपणच उभे दिसतो. हॉलमध्ये शिरल्यावर मी आधी वर बघते. छताला गुलाबी कापड ताणलेलं असेल आणि फ्लॅश वर वळवून मारला, तर सगळं वऱ्हाड गुलाबी होतं; नंतर कितीही बसून रंग सुधारले तरी माणसांची कांती परत येत नाही. नाटकाचे फोटो बहुधा रंगीत तालमीला काढतात. तिथे डोक्यापासून पायापर्यंत काळं, रबरी तळव्याचे बूट, कॅमेऱ्याचा मागचा पडदा बंद आणि फोकससाठी पेटणारा तो लहान लाल दिवाही बंद. आताच्या मिररलेस कॅमेऱ्यांत शटरचा आवाज पूर्ण बंद करता येतो, हे नटांच्या दृष्टीने फार मोठं सुख आहे. मात्र काही एलईडी दिव्यांखाली त्या निःशब्द शटरने फोटोवर आडवे पट्टे उमटतात. म्हणून पडदा उघडण्यापूर्वी दिवे लावून एकदा तपासून घ्यावं लागतं.

आता लग्नातली एकच घटका जवळून बघू. अंतरपाट धरलेला आहे. अलीकडे-पलीकडे नवरा-नवरी हार घेऊन, मान किंचित खाली घालून. मागे दोन्ही मामा. करवल्यांच्या हातांत कऱ्हा आणि दिवा. अक्षता वाटून झाल्या आहेत आणि मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं चाललं आहे. वाजंत्री तयार. पुढच्या एका सेकंदात अंतरपाट दूर होईल आणि दोघं मान वर करतील. त्या पहिल्या नजरेचा फोटो त्या सेकंदातच मिळतो, पुढे हार घालतानाचे कितीही मिळतात. माझी जागा अंतरपाटाच्या रेषेत, एका अंगाला. पण तिथे मी ताठ उभी राहिले तर मागे खुर्चीत बसलेल्या आजीला नातीचं लग्न दिसायचं नाही. म्हणून मी आधीच उकिडवी बसलेली असते, आणि तसं बराच वेळ बसता यावं म्हणून पँट सैल, कुर्ता गुडघ्याच्या वर, बाजूंना उंच चिरलेला. हातातल्या बॉडीवर 35 एमएम, कमरेशी दुसऱ्या बॉडीवर 85. लेन्स बदलायचा प्रश्नच येत नाही. डोक्यावर अक्षतांचा मारा होणार हे ठाऊक असतं. कुंकवाने रंगवलेले ते तांदूळ फ्लॅशच्या खाचेत, कॉलरमध्ये, उघड्या पिशवीत शिरतात, म्हणून लेन्सला हूड आणि पिशवीची चेन बंद. दोन्ही बॉडींत दोन-दोन कार्डं, प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हीवर उतरणारा. लग्न पुन्हा लागत नाही. एखादं कार्ड बिघडलं तरी दुसऱ्यावर ती नजर शाबूत राहील, ही खात्री असली तरच मी त्या सेकंदात निवांत असू शकते.

वजनाचा हिशेब आता आकड्यांत मांडते, कारण तो ‘सवय होईल’ या शब्दांखाली दडपला जातो. आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेला लग्नाचा संच म्हणजे दोन फुलफ्रेम डीएसएलआर, एकावर 24-70, दुसऱ्यावर 70-200, दोन्ही लेन्स एफ 2.8. कॅननचा हिशेब धरला तर बॉडी सुमारे 890 ग्रॅमची, पहिली लेन्स 805 ग्रॅमची, दुसरी दीड किलोला जराच कमी. एकूण चार किलो झाले, अजून फ्लॅश, बॅटऱ्या आणि पाण्याची बाटली बाकीच आहे. हे सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत मानेवर. त्याऐवजी सोनीच्या 650 ग्रॅमच्या दोन मिररलेस बॉडी, एकीवर 280 ग्रॅमची 35 एमएम आणि दुसरीवर 371 ग्रॅमची 85 एमएम, दोन्ही एफ 1.8, असा संच घेतला तर सगळं मिळून दोन किलोच्या आत बसतं. झूम जातं, तिथे पायांनी पुढे-मागे व्हावं लागतं. बंदोबस्ताच्या बांबूंपलीकडून सभा टिपायची असेल तर 70-200 ला पर्याय नाही, ती न्यावीच लागते. पण गळ्यात एकच जाड पट्टा अडकवून चार किलो पेलण्यापेक्षा दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर भार वाटून देणारा पट्टा घ्यावा. मान आणि कंबर धरलेले चांगले कसबी फोटोग्राफर दुपारनंतर खुर्ची शोधताना मी पाहते, तेव्हा वाईट वाटतं. दुपारनंतरच खरे फोटो असतात. सकाळची औपचारिकता गळून पडलेली असते, वडील एका कोपऱ्यात एकटे बसलेले असतात.

हलक्या कॅमेऱ्याचा इतिहासही एका दमेकऱ्याने घडवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जर्मनीतल्या वेट्झलारला लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. त्याला फोटोग्राफीचा नाद होता आणि दमाही. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा आणि तिकाटणं घेऊन डोंगर चढणं त्याला जमेना. त्याने सिनेमाची 35 मिलिमीटर फिल्म वापरणारा मुठीत मावेल असा कॅमेरा पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर बनवला, आणि 1925 साली लायका बाजारात आला. पुढे ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्याच लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवून तो आणखी अबोल केला. विसाव्या शतकातली रस्त्यावरची, युद्धातली, चालत्या माणसांची कितीतरी छायाचित्रं या हलकेपणातून आली आहेत. आपल्या शरीराला काय झेपत नाही याचा विचार बार्नाकने मनापासून केला, म्हणून हे घडलं.

झेपण्याचा विचार करावा लागतो तसा हवेचाही. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या गडावरून खंडोबाची पालखी कऱ्हेकडे स्नानाला निघते. मल्हारीचा गजर होतो आणि आकाशातून हळद कोसळते. काही क्षण समोरचा माणूसही दिसत नाही, सगळं जग पिवळं. भंडाऱ्याबरोबर खोबऱ्याचे तुकडेही उधळलेले असतात आणि ते चांगले लागतात. तिथे लेन्स बदलणं म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात हळद भरणं. झूम करताना लांब होणारी लेन्सही नको, कारण पुढे-मागे होताना ती बाहेरची हवा आत ओढते आणि हवेबरोबर भंडारा. बाहेरून लांबी न बदलणारी लेन्स, पुढे साधं फिल्टर, खोल हूड, बॉडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड, एवढ्यावर काम होतं. डोक्याला पंचा, नाका-तोंडावर सुती रुमाल. घरी आल्यावर कॅमेरा ओल्या फडक्याने पुसायचा नाही. ओली हळद फटींमध्ये लिंपली जाते. आधी फुग्याने हवा मारायची, मग मऊ कोरडा ब्रश, फडकं सगळ्यात शेवटी. कपड्यांचंही तसंच. आधी अंगणात कोरडे झटकायचे. साबण लागला की डाग लाल होतात, कारण हळदीला खार लागला की ती रंग बदलते, पूर्वी कुंकू असंच तर करत. घाबरून घासत बसू नये. धुऊन कडक उन्हात टाकावेत. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन उन्हांत डाग फिके पडत जातात. सिंथेटिक कापड या कामाला घेऊ नये. सुती कापड घाम शोषतं आणि उन्हातल्या वाळवणीलाही दाद देतं.

पाऊस शिकावा तो वारीत. आळंदीहून ज्ञानेश्वरांची आणि देहूहून तुकोबांची पालखी निघते ती ऐन ज्येष्ठ वद्यात, आणि आषाढी एकादशीला पंढरपूर गाठेपर्यंत आभाळाचा भरवसा नसतो. दिवेघाटात माउलींच्या रथाला बैलांच्या जादा जोड्या लावतात. त्या चढावर फोटोग्राफरांची गर्दी असते, आणि पहिली सर आली की त्यातले निम्मे आडोशाला पळतात. वारकरी मात्र चालत राहतो. त्याने प्लॅस्टिकचा कागद इरल्यासारखा डोक्यावर घेतलेला असतो, हातातले टाळ थांबलेले नसतात. बायकांची नऊवारी काष्ट्याची असते, त्यामुळे डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊनही पाय मोकळे पडतात. दिवसाला लागेल तेवढंच खांद्यावर, बाकीचं दिंडीच्या ट्रकमध्ये. इतक्या पिढ्यांच्या चालण्यातून ठरत गेलेला हा पोशाख आहे, आणि मी त्याच्याकडे विद्यार्थिनीसारखी बघते. वारीत माझ्या अंगावर लवकर वाळणारी सैल पँट असते, कारण भिजलेली जीन्स संध्याकाळपर्यंत मांड्या सोलते. रेनकोट टोपीचा नको. ती टोपी दोन्ही बाजूंची नजर झाकते, आणि घाटात बाजूने बैलजोडी येत असते. काठाची टोपी आणि खांद्यावरून टाकलेला कागद बरा. कॅमेऱ्याच्या अंगाला पाणी रोखणारे रबरी जोड असले तरी ते शिंतोड्यांपुरते. सरीत त्यालाही कव्हर हवं.

पावसाळ्यातलं दुसरं संकट घरात बसून येतं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा हटत नाही, आणि तो 60 टक्क्यांच्या वर मुक्काम ठोकून राहिला की लेन्सच्या काचेवर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. एकदा ती काच खाऊ लागली की साफ केल्यावरही व्रण राहतो. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल हा स्वस्त इलाज. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर तापवून पुन्हा वापरता येतात. कामातल्या लेन्सना बुरशी सहसा धरत नाही, ती धरते कपाटात निजलेल्या लेन्सला. ज्या लेन्सना पावसाळाभर काम नसेल त्या अधूनमधून कोरड्या उजेडात काढाव्यात. आणि वातानुकूलित हॉलमधून वरातीसाठी बाहेर जायचं असेल तर अर्धा तास आधी एक बॉडी बंद प्लॅस्टिक पिशवीत घालून बाहेर नेऊन ठेवावी. गार कॅमेरा दमट हवेत काढला की काचेवर धुकं धरतं, आणि नवरदेव तोवर घोड्यावर चढलेला असतो.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की हा सामानाचा फार लाड झाला. पण बाजारात जो लाड चालतो तो वेगळाच आहे. दरवर्षी नवी बॉडी येते, जास्त मेगापिक्सेल, जास्त वेग, आणि कर्ज काढून ती घेणारी विशी-बाविशीची मुलं मला लग्नसराईत भेटतात. लाखाच्या लेन्ससोबत पायात घसरणारी चप्पल असते. विचारतात, “ताई, पुढची कुठली लेन्स घेऊ?” मी क्रम सांगते. आधी चांगले बूट आणि भार वाटणारा पट्टा. मग पावसाचं कव्हर, जादा बॅटऱ्या, चांगली कार्डं. मग सामानाचा विमा. मग जिच्यावर निम्म्याहून जास्त काम होतं ती एक लेन्स. बाकी लेन्स पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळतात, पाठीचा कणा भाड्याने मिळत नाही. स्टुडिओच्या मालकांनाही माझं सांगणं आहे, की सहायक मुला-मुलींना ऑर्डरवर पाठवताना कॅमेऱ्याच्या कव्हराबरोबर त्यांच्या पायातल्या बुटांचाही खर्च धरा. तो धंद्याचा खर्च आहे.

मुलींसाठी हे जास्त कळकळीने सांगते. या धंद्यात मुली येतात, चांगलं काम करतात, आणि काही वर्षांनी वजन झेपत नाही, दिवसभर सोय होत नाही, म्हणून एडिटिंगच्या टेबलाशी बसवल्या जातात. त्यांची नजर कमी पडलेली नसते. ज्या मापाने पिशव्या, पट्टे आणि जॅकेटं शिवली जातात ते माप त्यांच्या अंगाचं नसतं. माप आपलं आपण शिवून घेता येतं. खिसे हवे तिथे, भार कमरेवर, संच दोन किलोच्या आत, पाय कोरडे. एवढं केलं तर हे काम पन्नाशीत आणि साठीतही करता येतं, आणि करत राहिलं पाहिजे. स्वयंपाकघरात, बाळंतिणीच्या खोलीत, दुःखाच्या घरातल्या बायकांच्या घोळक्यात बाईला जशी जागा मिळते तशी पुरुषाला क्वचितच मिळते. तिथले फोटो अजून पुष्कळ काढायचे आहेत.